खुराड्यात एक तरी खुडूक हवी

निवृत्त होऊन गावाकडच्या घरात राहायला गेलेल्या ओळखीच्यांचे फोन हल्ली एकाच विषयावर येतात. रंगकाम झालं, बोअर झाली, वायफाय आलं. आता परसात चार कोंबड्या सोडायच्यात. आणि पुढचा प्रश्न ठरलेला : "अंडी सगळ्यात जास्त कुठली देते?"

नुसत्या अंड्यांचाच हिशेब असेल, तर पिंजऱ्यातली पांढरी लेगहॉर्न वर्षाला तीनशेच्या आसपास जाते. पण तिला मोजून खाद्य लागतं. उकिरडा उकरून पोट भरणं, घार दिसताच करवंदीच्या जाळीत घुसणं, ही कामं गावरान कोंबडीची. गावरानची अंडी मात्र वर्षाला पन्नास-साठ, तीही तिच्या मर्जीनं. या दोघींच्या मधली जागा भरायला बंगळुरूच्या कृषी विद्यापीठानं गिरिराजा काढली. हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संचालनालयानं वनराजा आणि ग्रामप्रिया. गिरिराजा आणि वनराजा अंगानं भरतात, म्हणून मांसाच्या हिशेबानं बऱ्या. पण जड अंगामुळं कुत्रं मागे लागलं की पळताना मागे पडतात. ग्रामप्रिया अंगानं हलकी, अंड्यांना सरस, आणि थोडा दाणा वरून मिळाला तर परसातही दीडशेच्या आसपास अंडी देते.

म्हणजे सगळ्या ग्रामप्रियाच घ्याव्यात का? नाही. या सुधारित जातींना अंडी घालणं ठाऊक, उबवणं नाही. खुडूक झालेली, म्हणजे उबवायला बसलेली कोंबडी अंडी द्यायची थांबते, म्हणून निवडीच्या वेळी तो गुणच मागं पडला. दोन वर्षांनी कोंबड्या उतरतीला लागल्या की पुन्हा उबवणी केंद्राच्या दारात उभं राहायचं.

म्हणून माझा सल्ला बारा पक्ष्यांचा : सात ग्रामप्रिया, चार गावरान आणि एक कोंबडा. कोंबडा गावरानच, आणि एकच. वनराजाचा दणकट नर हलक्या कोंबड्यांच्या पाठी सोलून काढतो आणि दोन नर ठेवले तर दिवसभर मारामाऱ्या. या मिश्र अंड्यांतून निघालेली पिल्लं आईइतकी अंडी देणार नाहीत, हे आधीच सांगून ठेवतो. ती घरची असतात आणि काटक निघतात, एवढ्यावर समाधान मानायचं.

गावरान खुडूक झाली की ओळखू येतेच. पिसं फुलवून कोपरा धरते, हात नेला की घशातून गुरगुरते आणि टोच मारते. पोटाखाली हात गेला तर तिथली पिसं झडून कातडी तापलेली लागते. डालग्यात भाताचा पेंढा घालून तिच्याखाली दहा-बारा अंडी ठेवायची, त्यात ग्रामप्रियाची बिनधास्त मिसळायची. आठवड्यानं रात्री अंड्याला टॉर्च लावून पाहावं : तांबड्या शिरांचं जाळं दिसलं तर जीव धरलाय, नितळ दिसलं तर ते अंडं काढून टाकावं. एकविसाव्या दिवशी पिल्लं. त्याच रात्री विकतची एक दिवसाची पिल्लं अंधारात तिच्याखाली सरकवली, तर सकाळी ती बहुधा सगळ्यांनाच आपली म्हणून फिरवते. बल्बची ऊब नको, वीज गेली की धावपळ नको.

कडकनाथचा मोह पहिल्या वर्षी आवरावा. झाबुआच्या या काळ्या मांसाच्या कोंबडीला 2018 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, नाव झालं, आणि 2019 मध्ये सांगली-कोल्हापूरकडच्या कितीतरी शेतकऱ्यांचे पैसे तिच्या कंत्राटी पालनात बुडाले. यात कोंबडीचा दोष नाही. पण अंडी बेताची, उबवण्यात आळस, आणि अंडं काळं नसतंच. पाहुणे उगाच हिरमुसतात. अशीलबद्दल एवढंच, की झुंजीसाठी जपलेली जात इतरांत सोडायची नाही.

कवचाच्या रंगालाही भुलू नये. तपकिरी अंडं म्हणजे गावरान, हा बाजाराचा समज आहे. कवचाचा रंग जातीवर जातो, बलकाचा खाण्यावर. हिरवा पाला खाणाऱ्या ग्रामप्रियाचा बलकही केशरी उतरतो.

नवख्यानं एक दिवसाची पिल्लं न घेता आठ-दहा आठवड्यांच्या तलंगा घ्याव्यात. महाग पडतात, पण ऊब देण्याचे नाजूक दिवस सरलेले असतात. खडकी, कोल्हापूर, छत्रपती संभाजीनगर आणि नागपूर इथं सरकारी मध्यवर्ती अंडी उबवणी केंद्रं आहेत. तिथं आधी चौकशी करून नंबर लावावा. गावरान कोंबड्या मात्र शेजारच्या वाडीतून, डोळ्यांसमोर चरताना पाहून घ्याव्यात. आठवडी बाजारात डोळे मिटून बसलेली कोंबडी स्वस्त मिळाली तरी घेऊ नये. ती मानमोडीचा रोग घेऊन येते आणि चार दिवसांत खुराडं रिकामं करते. कुठूनही आणलेला पक्षी पंधरा दिवस वेगळा ठेवावाच.

मानमोडीच्या लसीची बाटली निदान शंभर पक्ष्यांची येते आणि एकदा कालवली की ठेवता येत नाही. तेव्हा कोंबड्या आणण्याआधी वाडीतल्या कोंबड्यावाल्या घरांना विचारा आणि पशुवैद्यकीय दवाखान्यातून लसीचा एकच दिवस ठरवून घ्या.