स्वस्त व्हेरिएबल एनडी फिल्टर सगळ्यात महाग पडतो



प्री-वेडिंग, हॉटेलच्या रील्स, शेतमालाचे किंवा प्लॉटचे व्हिडिओ असा व्यवसाय सुरू करायला निघालेले बरेच जण बजेट मांडतात तेव्हा बॉडी, लेन्स, गिंबल असं सगळं लिहितात. आणि यादीच्या अगदी शेवटी येतो "एखादा एनडी फिल्टर, स्वस्तातला". मुद्राच्या शिशु गटात ५० हजारांपर्यंतच कर्ज मिळतं, त्यामुळे पैसा जपून वापरायचा हे मला पटतं. पण काटकसर इथे करू नका, असं माझं स्पष्ट मत आहे.

आधी गणित समजून घ्या. २५ फ्रेमवर व्हिडिओ काढताना शटर साधारण १/५० ठेवतात, तेव्हा हालचाल डोळ्याला नैसर्गिक वाटते. भर दुपारच्या उन्हात आयएसओ १०० आणि एफ/२.८ ठेवलं, तर बरोबर एक्स्पोजरसाठी शटर जवळजवळ १/३२०० लागतं. तेवढ्या वेगात चालणारा माणूस तुटक तुटक दिसतो. ते टाळून १/५० वर यायचं तर ६ स्टॉप प्रकाश अडवावा लागतो, म्हणजे ६४ पैकी एकच भाग आत सोडायचा. एफ/४ वर ५ स्टॉप पुरतात. लॉग प्रोफाइल वापरत असाल आणि तुमच्या कॅमेऱ्यात तिथे आयएसओ किमान ८०० असेल, तर त्यात आणखी ३ स्टॉप धरा.

हे गणित न करता दुकानात गेलं की माणूस सगळ्यात मोठा आकडा बघून भुलतो. "एनडी २ ते ४००, सगळं एकातच!" इथेच गडबड होते. व्हेरिएबल एनडी म्हणजे एकावर एक बसवलेल्या दोन पोलरायझर काचा. एक फिरवली की प्रकाश कमी-जास्त होतो. पण मर्यादेच्या बाहेर फिरवलं की वाइड लेन्सवर फ्रेममध्ये काळी फुली उमटते. ती एडिटिंगमध्ये निघत नाही. आणि मंगलाष्टकं संपल्यावर "परत एकदा अक्षता टाका" असं कुणाला म्हणता येतं का?

म्हणून माझा सल्ला असा: २ ते ५ स्टॉपचा घ्या. दोन्ही टोकांना अडणारा, म्हणजे हार्ड स्टॉप असलेला घ्या. घाईत हात पुढे गेला तरी फुली येत नाही. एफ/२.८ वर उन्हात काम असेल तर ६ स्टॉपचा साधा फिक्स एनडी ६४ जोडीला ठेवा. लॉगमध्ये रोजचंच काम असेल तर ६ ते ९ स्टॉपची वेगळी रेंज मिळते. सगळं एकात शोधू नका.

दुसरी गोष्ट साइजची. तुमच्याकडे ४९, ६७ आणि ७७ एमएमच्या लेन्स असतील तर फिल्टर ७७ चाच घ्या आणि बाकीच्यांना स्टेप-अप रिंग लावा. पुढे ८२ ची लेन्स घ्यायचं नक्की असेल तर आजच ८२ चा घ्या. तोटा एवढाच की रिंग लावल्यावर लेन्सचं हूड बहुधा बसत नाही.

पैसे देण्याआधी काउंटरवर पाच मिनिटं मागून घ्या. व्हाइट बॅलन्स लॉक करून पांढऱ्या कागदाचे तीन शॉट काढा: फिल्टर कमी, मध्यम आणि जास्त फिरवून. पिवळी किंवा हिरवी झाक येते का बघा. मग लेन्स वाइड करून मोकळ्या आकाशाकडे धरा आणि सावकाश फिरवा. शेवटी झूम करून समोरच्या दुकानाची पाटी वाचा. अक्षरं मऊ दिसली तर फिल्टर परत करा. दुकानदार एवढं करू देत नसेल, तर दुसरं दुकान बघा. मीही दुकान चालवतो, म्हणून हक्काने सांगतो. पक्कं बिलही घ्या.

आता हिशोब. समजा चांगला फिल्टर ८ हजारांचा आहे आणि महिन्याला चार आऊटडोअर शूट आहेत. वर्षाची ४८ शूट झाली. एका शूटला १६७ रुपये पडले. उलट, स्वस्त फिल्टरची झाक काढायला प्रत्येक शूटमागे एकच तास जास्त गेला, तरी वर्षाला ४८ तास गेले, म्हणजे आठ तासांचे सहा दिवस. त्या सहा दिवसांत तुम्ही किती नवी गिऱ्हाईकं भेटला असता?

याचा अर्थ प्रत्येकाने लगेच घ्यावाच असं नाही. फक्त स्टुडिओत प्रॉडक्टचे फोटो काढत असाल तर याची गरज नाही. महिन्याला एखादंच आऊटडोअर काम असेल तर आधी भाड्याने आणा. आणि चांगल्या फिल्टरच्याही मर्यादा आहेतच. पोलरायझर असल्यामुळे काच, पाणी, गाडी यांवरची चमक फिरवताना बदलते, वाइड लेन्सवर आकाश एका बाजूला गडद होऊ शकतं, मोबाइल किंवा टीव्हीचा स्क्रीन काळा दिसू शकतो. शॉट चालू असताना शक्यतो फिरवू नका. हॉलमध्ये शिरलात की काढून ठेवा, कारण कमीत कमीवर ठेवला तरी तो प्रकाश खातोच.

गिऱ्हाईकाला तुमच्या बॅगेत काय आहे हे माहीत नसतं. नवरीच्या शालूचा रंग बदललेला मात्र त्याला लगेच दिसतो, आणि पुढचं काम त्याच्याच तोंडून मिळतं किंवा जातं. तेव्हा बजेटची यादी आज पुन्हा काढा आणि फिल्टरची ओळ लेन्सच्या शेजारी लिहा.