मिटत्या मोसमाची कोजागिरी

2023 ची कोजागिरी ग्रहणात आली. शनिवारी, 28 ऑक्टोबरच्या संध्याकाळी, इथल्या आकाशात पौर्णिमेच्या चंद्राची कड जराशी काळवंडली, आणि आपल्यापैकी कित्येकांच्या घरी आटवलेले दूध ग्रहण सुटेपर्यंत झाकून ठेवले गेले. त्याच रात्री ब्रिटनची घड्याळे एक तास मागे सरकली. उन्हाळ्याची वेळ संपली, हिवाळ्याची लागली, आणि जागरणाच्या रात्रीला एक तास जास्तीचा लाभला. कोण जागे आहे, असे विचारत लक्ष्मी दारोदार फिरते ती हीच रात्र. परदेशातल्या थंडीत दुलई ओढून बसलेल्या आपल्यालाही ती हा प्रश्न विचारून जाते, आणि त्या वर्षी तो विचारला गेला तेव्हा आमच्या मनात एक वेगळेच अंगण होते. आठवडाभरापूर्वीपर्यंत दिव्यांनी उजळणारे आणि आता अंधारात गेलेले ते लाल मातीचे वर्तुळ.

ब्रिटनमधल्या स्पीडवेचा मोसम साधारणपणे घड्याळाच्या या दोन फेऱ्यांमध्ये मावतो. मार्चअखेर काटे पुढे गेले की ट्रॅकवर पहिला ट्रॅक्टर फिरतो आणि ऑक्टोबरअखेर ते मागे येईपर्यंत शेवटची शर्यत संपलेली असते. ज्यांनी हा खेळ पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगायचे तर, दोन संघांचे दोन-दोन असे चार स्वार, डाव्या हाताला वळत जाणारा तीनशे-साडेतीनशे मीटरचा लंबगोल, त्याच्या चार फेऱ्या, आणि जेमतेम एका मिनिटात सगळा निकाल. मोटारसायकल 500 सीसीची, इंधन मिथेनॉल, गिअर एकच, आणि ब्रेक नाहीच. वेग आवरायचा तो मागचे चाक मुद्दाम घसरवून. डाव्या बुटाला पोलादी तळ बांधलेला असतो, तो मातीवर टेकवून स्वार पूर्ण वळण तिरकाच कापतो. म्हैसूरच्या कारखान्यातून निघालेली जावा ज्यांच्या घरी होती त्यांना हे ऐकून बरे वाटेल, की स्पीडवेच्या जगातही त्याच नावाच्या चेक इंजिनांनी पिढ्यान्‌पिढ्या राज्य केले आहे.

पण आम्हाला या खेळात सर्वांत आवडते ती गोष्ट शर्यतीत घडत नाही, दोन शर्यतींच्या मधल्या अवकाशात घडते. ट्रॅकवर अंथरलेली शेल खडकाची भुकटी चाकांनी उडून बाहेरच्या कडेला जमते, आतली बाजू उघडी पडते, वळणांवर चर पडतात. मग काही शर्यती झाल्या की दार उघडते आणि ट्रॅक्टर आत येतो. शेतात कुळव फिरवावा तसा तो मागची चौकट ओढत सावकाश फेरी घालतो, बाहेर गेलेली माती पुन्हा आत आणतो. त्याच्यामागून पाण्याची गाडी येते, धूळ बसवते. हातात दाताळे घेतलेली चार-सहा माणसे सुरुवातीच्या रेषेजवळचे खड्डे बुजवतात. त्यांतली बरीचशी बिनपगारी असतात, दिवसा दुसरी नोकरी करून संध्याकाळी इथे येणारी. पंधरा शर्यतींच्या एका संध्याकाळी हा ट्रॅक असा अनेकदा उद्ध्वस्त होतो आणि अनेकदा पुन्हा बांधला जातो. प्रेक्षक तेवढ्यात चहा घेतात, प्रोग्रॅममध्ये गुण मांडतात. घरची तुळस जशी रोज पाणी घातल्यावाचून राहत नाही आणि त्याची कोणी नोंदही करत नाही, तसेच हे काम.

2023 च्या मोसमाने या खेळाला एक मोठा आनंद दिला. शेफील्ड टायगर्सनी अंतिम लढतीत इप्सविच विचेसना हरवून प्रीमियरशिप जिंकली. ओवलर्टनचे त्यांचे स्टेडियम 1929 सालचे, म्हणजे ज्या वर्षी या देशात स्पीडवेची लीग प्रथम सुरू झाली त्याच वर्षीचे. इतक्या जुन्या गावाने सर्वोच्च श्रेणीचे विजेतेपद पहिल्यांदा पाहिले ते तेव्हा. त्याआधीच्याच वर्षी ते अंतिम लढतीत मँचेस्टरच्या बेल व्ह्यूकडून हरले होते. तिथे आजोबांच्या वयाची माणसे आहेत जी आपल्या आजोबांचे बोट धरून पहिल्यांदा आली होती. त्यांनी त्या वर्षी पेन टेकवून शेवटचा आकडा लिहिला असेल, तेव्हा तो आकडा एकट्याचा नव्हता.

आणि याच मोसमाने दोन गावांची दारे बंद केली. वुल्वरहॅम्प्टनच्या मॉनमोर ग्रीनवर स्पीडवे प्रथम धावले ते 1928 साली. मध्ये खंड पडले, पण सॅम एर्मोलेन्कोसारखा 1993 चा विश्वविजेता तिथेच मोठा मानला गेला, आणि पुढे तीन वेळा विश्वविजेता झालेला ताय वॉफिंडनही काही वर्षे तिथेच धावला. त्या स्टेडियमचा स्पीडवेसाठीचा करार पुढे वाढला नाही. पीटरबरो पँथर्स 1970 पासून ईस्ट ऑफ इंग्लंड शोग्राउंडवर धावत होते, शेतीच्या प्रदर्शनांसाठी राखलेल्या त्या विस्तीर्ण माळावर. तिथे घरे उभारायचा बेत ठरला. त्रेपन्न वर्षांनी तोही ट्रॅक थांबला. सात संघांच्या सर्वोच्च लीगमधून एका वर्षात दोन अंगणे गेली, हा घाव लहान नाही.

पीटरबरोचे नाव निघाले की 2021 चा मोसम आठवल्यावाचून राहत नाही. 2020 साली महामारीमुळे लीग झालीच नाही. पुढच्या मे महिन्यात दारे पुन्हा उघडली तेव्हा पीटरबरोने जो संघ उभा केला तो पाहून सगळ्यांनी त्यांना तळाला बसवले होते. स्कॉट निकल्स 43 वर्षांचा झालेला, सात वेळचा ब्रिटिश विजेता खरा, पण आता उतरणीला लागला असे म्हटले जाणारा. बियार्ने पेडरसन त्याच वयाचा, हान्स आंडरसन चाळिशीचा, ख्रिस हॅरिस चाळिशीजवळ. लोकांनी त्यांना ‘डॅड्स आर्मी’ म्हणायला सुरुवात केली, आणि त्या वडीलधाऱ्यांनी बेल व्ह्यूला अंतिम लढतीत हरवून 1999 आणि 2006 नंतरचे तिसरे विजेतेपद घरी आणले. एक वर्ष सगळे जग बंद राहिल्यावर पहिल्या उन्हाळ्यात जिंकले ते थकलेल्या गुडघ्यांचे, अनेकदा मोडून जोडलेल्या हाडांचे लोक. आज त्यांचा ट्रॅकच उरलेला नाही, याने त्या विजयाची आठवण अधिकच जवळची वाटू लागते.

ट्रॅक हे या खेळाचे घर, पण बहुतेक संघांचे ते घर भाड्याचे. जागा कुत्र्यांच्या शर्यती चालवणाऱ्यांची, नाहीतर प्रदर्शनाच्या मैदानाची, नाहीतर बांधकाम करणाऱ्याची. शहरे वाढली, एकेकाळी गावाबाहेर असलेले मैदान वस्तीच्या मध्ये आले, जमिनीचा भाव चढला, आवाजाच्या तक्रारी आल्या. त्यात पोलंडच्या लीगमध्ये पैसा कितीतरी अधिक, त्यामुळे चांगले स्वार आठवड्याच्या शेवटी तिकडे, आणि ब्रिटनच्या सर्वोच्च लीगच्या वाट्याला येतात सोमवार आणि गुरुवारच्या रात्री. दुसऱ्या दिवशी मुलांची शाळा असते, मोठ्यांची नोकरी असते. या सगळ्यात दोष एकट्याचा कोणाचाच नाही, म्हणूनच उपायही एकट्याच्या हाती नाही.

स्विंडनचे उदाहरण पाहा. 2019 साली ते विजेते होते, आणि त्यानंतर ते धावलेलेच नाहीत. कोव्हेंट्री 2016 नंतर ब्रँडनच्या आपल्या ट्रॅकवर परतलेले नाही. पण ब्रँडनच्या चाहत्यांनी हार मानली नाही. पत्रे लिहिली, सभांना गेले, पुरावे गोळा केले, आणि रग्बी बरो कौन्सिलने 2022 साली तिथे घरे बांधण्याची परवानगी नाकारली. त्यावर अपीलही झाले. निकाल काहीही असो, वर्षानुवर्षे ज्या जागेवर चाक फिरले नाही ती जागा चाक फिरण्यासाठीच आहे हे सरकारी कागदांवर उमटवत राहणे, याला आम्ही जागरण म्हणतो.

आणि जागरणाला फळ येते, हेही आपण या देशात पाहिले आहे. लेस्टरच्या ब्लॅकबर्ड रोडवरचा ट्रॅक 1983 साली गेला. अठ्ठावीस वर्षांनी, 2011 साली, त्याच लेस्टरमध्ये ब्यूमाँट पार्कला नवा ट्रॅक झाला आणि लेस्टर लायन्स पुन्हा धावले, 2023 मध्ये तर ते सर्वोच्च श्रेणीत होते. ऑक्सफर्डचे दिवे 2007 साली मालवले होते, 2022 साली ते पुन्हा लागले. बेल व्ह्यूचे हाइड रोडचे प्रसिद्ध स्टेडियम 1987 साली बंद झाले, संघ शेजारच्या छोट्या मैदानावर गेला, आणि 2016 साली महापालिकेच्या पुढाकाराने मँचेस्टरमध्ये खास स्पीडवेसाठी नवे स्टेडियम उभे राहिले. त्याची पहिली रात्र ट्रॅक नीट न जमल्याने रद्द करावी लागली होती. जमलेले लोक घरी परतले, आणि पुन्हा आले. 1993 नंतर त्या संघाने लीग जिंकली ती 2022 साली, त्याच नव्या मातीवर.

या खेळाला त्याची जोखीम ठाऊक आहे, आणि ती तो विसरू देत नाही. बेल व्ह्यूचा पीटर क्रेव्हन 1955 आणि 1962 असा दोनदा विश्वविजेता झाला. 1963 च्या सप्टेंबरमध्ये एडिनबरोला एका शर्यतीत पुढे पडलेल्या स्वाराला चुकवताना तो कठड्यावर आदळला आणि चार दिवसांनी गेला. दुसऱ्याचा जीव वाचवायला वळवलेले हँडल, ही त्याची शेवटची कृती. जखमी स्वारांसाठी या खेळाचा स्वतःचा मदतनिधी आहे, आणि त्यासाठी प्रेक्षकांमधून फिरणाऱ्या बादलीत नाणी टाकणे हा इथल्या प्रत्येक मोसमाचा भाग आहे. त्याची आठवण कोणाला करून द्यावी लागत नाही.

गुण मांडण्याच्या पद्धतीतही एक गोष्ट आम्हाला मनापासून भावते. पहिल्याला तीन, दुसऱ्याला दोन, तिसऱ्याला एक, चौथ्याला काही नाही. पण आपलाच सोबती पुढे असेल आणि आपण प्रतिस्पर्ध्याला मागे ठेवून त्याच्या पाठोपाठ आलो, तर एक जादा गुण मिळतो. तो संघाच्या बेरजेत धरत नाहीत, स्वाराच्या सरासरीत आणि मानधनात मात्र धरतात. सोबत्याची पाठ राखणाऱ्याचे काही बुडू नये, म्हणून केलेली ही सोय. ट्रॅकवर दाताळे धरणाऱ्यांच्या, दारावर तिकिटे फाडणाऱ्यांच्या, प्रथमोपचाराची पेटी घेऊन वळणावर उभे राहणाऱ्यांच्या नावे मात्र असा गुण कुठे लिहिला जात नाही.

 दर वर्षी हिवाळ्यात संघांचे चालक एकत्र बसतात, नव्या मोसमासाठी सरासरीची मर्यादा ठरवतात, आणि तिच्यात बसेल असा सात जणांचा संघ पुन्हा जुळवतात. जिंकलेल्या संघाच्या स्वारांची सरासरी वाढलेली असते, म्हणून त्यालाच कोणाला तरी निरोप द्यावा लागतो. विजेत्या शेफील्डवरही ही वेळ येणारच होती. विजयाचे वर्ष संपताच तो संघ मोडायचा आणि मार्चमध्ये सगळ्यांनी पुन्हा एका रेषेवर उभे राहायचे, ही प्रथा कठोर आहे, पण लहान गावांना मोठ्या गावांशेजारी जगू देते ती हीच. एपिंगच्या जंगलातल्या हाय बीच इथे 19 फेब्रुवारी 1928 रोजी झालेल्या शर्यतींना ब्रिटिश स्पीडवेचा आरंभ मानतात. त्या दिवसाला फेब्रुवारी 2028 मध्ये शंभर वर्षे होतात. तोवर आणखी एकही दार बंद होऊ नये.

लेस्टर, मँचेस्टर, ऑक्सफर्ड, शेफील्ड या गावांत आपली माणसे आता घरे करून राहिली आहेत. ज्या गावाने आपल्याला अंगण दिले त्याच्या अंगणाची काळजी घेणे ही आपल्याकडची जुनीच रीत. तेव्हा मार्चअखेर घड्याळे पुन्हा पुढे जातील त्या आठवड्यात मुलांना घेऊन जवळच्या ट्रॅकवर एक संध्याकाळ जावे. अंगात जाड कपडे घालावेत, वळणाजवळ उभे राहिल्यास माती अंगावर येते हे लक्षात ठेवावे. प्रोग्रॅम विकत घ्यावा, आणि त्यात गुण मांडायला पेन लागते, ते घरून न्यावे.