माळढोकच्या गावातले घर : वारसाने मिळते, पण विकताना अडते, असे का?

आई-वडील गेले, मुले पुण्या-मुंबईत स्थिरावली आणि गावातल्या माळवदाच्या घराला कुलूप लागले. मग भावंडांत ठरते, 'विकून टाकू.' व्हॉट्सॲपवर फोटो फिरतात, गिऱ्हाईकही येते. पण गाव माळढोक अभयारण्याच्या हद्दीत असेल तर गाडी कागदपत्रांवर अडते. का, ते समजून घेऊ.

हद्द कुठपर्यंत?

माळढोक पक्ष्यासाठी १९७९ मध्ये सोलापूर आणि तेव्हाच्या अहमदनगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यांत मिळून सुमारे ८,४९६ चौरस किलोमीटरचे अभयारण्य जाहीर झाले. त्यात नुसते माळरान नव्हते. गावे, शेते, रस्ते, बाजारपेठाही आल्या. खरेदी-विक्री अडते, बिगरशेती परवाना मिळत नाही, ही तक्रार वर्षानुवर्षे होत राहिली. पुढे सर्वोच्च न्यायालयाच्या परवानगीनंतर हद्द सुमारे १,२२२ चौरस किलोमीटरवर आली. त्यामुळे 'आमचे गाव अभयारण्यात आहे' किंवा 'आता सुटले आहे' या ऐकीव गोष्टींवर जाऊ नका. आपला गट नंबर आज कुठे आहे, एवढाच प्रश्न महत्त्वाचा.

कायदा काय म्हणतो?

वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ मधील कलम २० नुसार, कलम १८ ची अधिसूचना निघाली की त्या क्षेत्रातील जमिनीवर नवा हक्क मिळवता येत नाही. अपवाद एकच : वारसा किंवा मृत्युपत्र. म्हणजे वडिलांचे घर मुलांच्या नावावर होऊ शकते, पण शेजाऱ्याने ते विकत घेतले तर तो 'नवा हक्क' ठरतो.

ही स्थिती कायम राहावी, असे कायद्यालाही अपेक्षित नाही. जिल्हाधिकाऱ्यांनी लोकांच्या हक्कांची चौकशी करून ते निश्चित करायचे असतात. कोणता हक्क चालू ठेवायचा, कोणती जमीन संपादित करायची, हे ठरवायचे असते. कलम २५अ नुसार हे काम शक्यतो २ वर्षांत संपले पाहिजे. ते रखडले की घर ना धड आपले, ना धड सरकारचे.

विक्रीआधी काय तपासाल?

• हद्द : गट नंबर देऊन वन विभागाच्या वन्यजीव कार्यालयाकडून आणि तहसील कार्यालयाकडून लेखी उत्तर घ्या. शेतजमीन असेल तर सातबाऱ्याचा 'इतर हक्क' रकाना वाचा.

• मालकी : ग्रामपंचायतीचा नमुना ८ हा कर आकारणीचा उतारा आहे, मालकीचा पक्का पुरावा नाही. २०२० मध्ये सुरू झालेल्या स्वामित्व योजनेत गावठाणाची ड्रोन मोजणी झाली असेल तर मिळकत पत्रिका काढा.

• बहिणींचा हिस्सा : २००५ च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच हक्क आहे. २००५ मध्ये वडील हयात नसले तरी तो जात नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये स्पष्ट केले. बहीण हिस्सा सोडणार असेल तर हक्कसोडपत्र नोंदणीकृतच हवे.

• इसार : हद्दीचे लेखी उत्तर हातात येईपर्यंत इसार घेऊ नका, देऊ नका. नोटरी केलेल्या कागदावर घराची मालकी बदलत नाही.

मग चूक कुठे आहे?

माळढोक जमिनीवर, उघड्या गवताळ माळावर अंडे घालतो, तेही बहुधा एकच. त्याला हवा आहे मोकळा माळ. तो नांगरला गेला, त्यावर प्लॉट पडले, विजेच्या तारा आल्या तर पक्षी संपतो. आज सोलापूर जिल्ह्यात तो क्वचितच दिसतो. म्हणून माळरानाच्या खरेदी-विक्रीवर कडक नजर हवीच. बंधने सरसकट उठवा, ही मागणी मान्य केली तर पहिला फायदा गावकऱ्याचा नव्हे, जमिनीच्या दलालाचा होईल.

पण वेशीच्या आत, ४० घरांच्या गल्लीतले जुने घर एका कुटुंबाकडून दुसऱ्याकडे गेल्याने माळढोकचे काय बिघडते? गावठाण आणि माळरान यांना एकच फूटपट्टी लावणे, ही खरी चूक आहे. अशा अडकलेल्या घराचे कायदेशीर गिऱ्हाईक पळते आणि नोटरीवर कवडीमोलाने घेणारा तेवढा उरतो. गावकऱ्याच्या मनात मात्र माळढोकविषयी राग साचतो. ज्या पक्ष्याची राखण गावाने करायची, त्याच्यामुळे घर अडले असे गावाला वाटू लागले तर अभयारण्य कागदावरच राहील.

प्रशासनाने दोन कामे करावीत. हद्दीतील गट नंबरांची यादी प्रत्येक ग्रामपंचायतीच्या फलकावर लावावी आणि गावठाणातील घरांची हक्कनिश्चिती आधी उरकावी. यासाठी नवा कायदा नको. आहे त्याच कायद्यातले काम पूर्ण करायचे आहे.