विश्लेषण : बाळंतपणे रुग्णालयात वाढली, तरी नेपाळमधील नवजात मृत्युदर का घटेना?

नेपाळमध्ये रुग्णालय किंवा आरोग्य केंद्रात होणाऱ्या बाळंतपणांचे प्रमाण २०१६ मध्ये ५७ टक्के होते. २०२२ च्या राष्ट्रीय आरोग्य सर्वेक्षणात ते ७९ टक्क्यांवर गेले. मात्र जन्मानंतर २८ दिवसांच्या आत दगावणाऱ्या बाळांचे प्रमाण दर हजारी २१ होते, ते २१च राहिले. नाळेवर लावायच्या स्वस्त मलमामुळे कधीकाळी जगाचे लक्ष वेधणाऱ्या या देशाचे घोडे आता कुठे अडले?

नाळेतून धोका कसा?

नाळ कापल्यानंतर बेंबीवर उरलेला भाग सुकून गळेपर्यंत जंतूंना शरीरात शिरायला वाट असते. न धुतलेले हात, अस्वच्छ ब्लेड किंवा दोरा यांमुळे बाळाला धनुर्वात किंवा रक्तातील जंतुसंसर्ग होऊ शकतो. नेपाळच्या तराई भागात नाळेला मोहरीचे तेल, हळद, राख लावण्याची प्रथा होती. त्यामुळे धोका आणखी वाढत होता.

‘नाभी मलम’ काय आहे?

तराईतील सर्लाही जिल्ह्यात २००२ ते २००५ दरम्यान सुमारे १५ हजार बाळांवर प्रयोग झाला. जन्मानंतर २४ तासांच्या आत क्लोरहेक्सिडिन या जंतुनाशकाने नाळ पुसायला सुरुवात केलेल्या बाळांमध्ये मृत्यू ३४ टक्क्यांनी कमी आढळले. त्याच भागातील दुसऱ्या अभ्यासात सुईण आणि आई या दोघीही हात धूत होत्या, तिथे मृत्यूचे प्रमाण ४१ टक्क्यांनी कमी दिसले. २०११ पासून नेपाळने हे जंतुनाशक मलमाच्या रूपात गावोगावच्या आरोग्य स्वयंसेविकांमार्फत गर्भवतींपर्यंत पोहोचवले.

आफ्रिकेत परिणाम का दिसला नाही?

झांबिया आणि टांझानियातील पेंबा बेटावरील चाचण्यांचे निष्कर्ष २०१६ मध्ये आले. तिथे मृत्यूंमध्ये लक्षणीय घट झाली नाही. या भागांत नवजात मृत्युदर मुळातच कमी होता आणि बरीच बाळंतपणे आरोग्य केंद्रांत होत होती. म्हणजे अस्वच्छता जिथे जास्त, तिथेच मलमाचा फायदा मोठा. काही आफ्रिकी देशांत हे औषध चुकून डोळ्यांत घातल्याने बाळांच्या डोळ्यांना गंभीर इजाही झाली. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ च्या शिफारशीनुसार नाळ स्वच्छ आणि कोरडी ठेवणे पुरेसे आहे. शेणासारखे घातक पदार्थ लावण्याची प्रथा असेल, तिथेच क्लोरहेक्सिडिन वापरावे.

रुग्णालयात धोका संपतो का?

नाही. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफच्या २०२२ च्या अहवालानुसार, जगातील निम्म्या आरोग्य केंद्रांत हात स्वच्छ करण्याची मूलभूत सोय नाही. ही सोय म्हणजे उपचाराच्या जागी हात धुण्याची किंवा सॅनिटायझरची व्यवस्था आणि शौचालयात पाणी व साबण. अतिगरीब देशांत ती जेमतेम ३२ टक्के केंद्रांत आहे. शिवाय रुग्णालयातील अनेक जंतू अँटिबायोटिक्सना दाद देत नाहीत. अर्थात, अकाली जन्म आणि जन्मताना श्वास कोंडणे हीदेखील मृत्यूची मोठी कारणे आहेत. त्यावर नुसती स्वच्छता पुरत नाही, प्रशिक्षित परिचारिका आणि उपकरणेही लागतात.

गडचिरोलीचा अनुभव काय सांगतो?

डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गडचिरोलीच्या गावांतील महिलांना नवजात बाळांच्या काळजीचे प्रशिक्षण दिले. घरी जाऊन संसर्ग ओळखणे आणि उपचार करणे हे त्यांचे काम होते. तिसऱ्या वर्षी तिथला नवजात मृत्युदर तुलनेच्या गावांपेक्षा ६२ टक्क्यांनी कमी झाल्याचे १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात नोंदवले गेले. देशभरातील आशा स्वयंसेविकांच्या गृहभेटींमागे हाच अनुभव आहे.

आता पुढे काय?

२०३० पर्यंत नवजात मृत्युदर दर हजारी १२ पर्यंत आणण्याचे उद्दिष्ट जगाने ठरवले आहे. त्यासाठी रुग्णालयात किती बाळंतपणे झाली एवढेच मोजून भागणार नाही. प्रसूतिगृहाच्या नळाला पाणी आहे का आणि घरी गेलेल्या बाळाला कोणी पाहायला जाते का, हेही मोजावे लागेल.