सरकी, स्तन्य आणि एक विकर

हिंगणघाटचा कापूस एकोणिसाव्या शतकात लिव्हरपूलच्या बाजारात याच नावाने ओळखला जात असे. जिनिंगमध्ये वेगळी झालेली सरकी तेलघाण्याकडे व गोठ्याकडे जाते. थोडी आपल्या औषधालयातही येते. कार्पासास्थ्यादि तैल आणि बाळंतिणीची सरकीची खीर ही तिची दोन परिचित रूपे. या दोहोंना वैद्यबंधूंनी एकाच मापाने मोजू नये, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

कच्च्या सरकीच्या तेलात माल्व्हॅलिक व स्टर्क्युलिक ही दोन मेदाम्ले मिळून सुमारे अर्धा ते एक टक्का असतात. त्यांच्या रेणूत तीन कार्बनांचे ताणलेले वलय असते व त्यायोगे ती स्टिअरोयल-कोए डिसॅच्युरेज या विकराचे कार्य रोखतात. संपृक्त स्टिअरिक आम्लापासून ओलेइक आम्ल घडविणे हे या विकराचे काम. ते मंदावले की शरीरातील मेद घट्ट होतो. सरकी खाणाऱ्या कोंबड्यांची अंडी साठवून ठेवली असता पांढरा भाग गुलाबी होतो, तोही याच आम्लांचा प्रताप. बलकाभोवतीचे पटल सैल होऊन आतील लोह बाहेर झिरपते.

या विकराचे जनुक निकामी केलेले उंदीर सडपातळ राहतात, असे 2002 साली प्रसिद्ध झाले आणि औषधकंपन्यांनी निरोधकांचा शोध सुरू केला. मात्र त्या उंदरांची कातडी व डोळे कोरडे पडतात, केस झडतात. तेव्हा सरकीचूर्णाच्या डबीवर ‘मेदोहर’ असे छापण्याचा मोह औषधालयांनी टाळावा. आपल्या परंपरेत सरकी बृंहण व स्तन्यजनन म्हणून येते, लेखनासाठी नव्हे.

खरा प्रश्न स्तन्याचाच आहे. दुधातील ओलेइक आम्लाचा काही भाग स्तनग्रंथीतील हेच विकर घडविते. गाईंच्या जठरापुढे स्टर्क्युलिक आम्लाचे तेल सोडले असता दुधातील मेदाची घडण बदलते, हे 2000 च्या सुमारास दिसून आले. कार्पासास्थ्यादि तैलात सरकी क्वाथरूपाने येते, आधार तिळतेलाचा असतो आणि योजना मुख्यतः अभ्यंग-नस्यासाठी. खिरीत मात्र सरकी भिजवून, वाटून, तिचे दूध गाळून घेतात. म्हणजे तेलासह सर्व पोटात जाते. ही आम्ले तेलशुद्धीकरणातील दोनशे अंशांवरील उष्णतेने बरीच नष्ट होतात. खिरीला तेवढा ताप कधीच मिळत नाही. गॉसिपॉल हा सरकीतील दुसरा दोष; त्याचा विचार वेगळा.

याचा अर्थ खीर टाकून द्यावी असा नाही. मात्रा अल्प, काळ मर्यादित आणि क्वाथाला प्राधान्य, एवढे तरी पाळावे. महिनोन्‌महिने पाकिटातून विकणे मात्र परंपरेतही बसत नाही.

औषधालयांना तपासणी अवघड नाही. हाल्फेन चाचणीत तेल, गंधक विरघळविलेले कार्बन डायसल्फाइड व अमाइल अल्कोहोल एकत्र तापविले की ही आम्ले असल्यास लाल रंग येतो. रसायन अत्यंत ज्वालाग्राही असल्याने हे काम प्रयोगशाळेतच करावे. सावरीच्या बियांचे तेलही लाल होते, हे ध्यानात असावे.

आणखी एक. पेरणीचे बियाणे कीटकनाशकाने माखलेले, रंगविलेले असते. उरलेले बियाणे स्वस्तात मिळाले म्हणून ते औषधात कदापि वापरू नये. सरकी थेट जिनिंगमधून, रुई नुकतीच काढलेली, पाहून घ्यावी.