शुल्क माफ, मुदत कायम

दीपावलीच्या पंधरवड्यात नागपूरच्या गांधीबागेतील ठोक कापडबाजारातील पेढीवर सकाळी रुजू होणारा, गिऱ्हाइकांची रीघ जरा ओसरताच थानांच्या थप्पीस मोबाइल टेकवून, इयरफोनचे एकच टोक कानात खोवून, दुसरा कान शेठजींच्या हाकेसाठी मोकळा ठेवणारा आणि अशा स्थितीत कानपूरच्या किंवा मद्रासच्या आय.आय.टी.मधील प्राध्यापकांचे व्याख्यान ऐकणारा महाविद्यालयीन तरुण आता नवलाचा राहिलेला नाही.

सात आय.आय.टी. व बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था यांनी २००३ साली आरंभिलेले ‘एनपीटेल’ आणि ९ जुलै २०१७ रोजी राष्ट्रपती प्रणव मुखर्जी यांच्या हस्ते सुरू झालेले ‘स्वयम्’ या ऑनलाइन व्यासपीठांनी अभियांत्रिकीपासून संभाषणकौशल्यापर्यंतचे पाठ विनामूल्य खुले केले. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२१ साली, पूर्वीची वीस टक्क्यांची मर्यादा वाढवून, सत्रातील चाळीस टक्क्यांपर्यंत अभ्यासक्रम या मार्गाने पुरे करण्याची मुभाही दिली. असे विद्यादान नागपुरास नवे नाही. रावबहादूर डी. लक्ष्मीनारायण यांनी मृत्युपत्रान्वये विद्यापीठास दिलेल्या संपत्तीतूनच तंत्रशिक्षणाची त्यांच्या नावाची संस्था १९४२ साली उभी राहिली; मात्र त्या दानाबरोबर वर्ग, प्रयोगशाळा आणि चुकलेले गणित शेजारी बसून तपासणारा शिक्षक हेही आले होते. आजच्या दानात नेमका तोच गैरहजर आहे.

शिकणे फुकट असले तरी दाखल्यासाठीच्या परीक्षेस शुल्क आहे, आणि दर आठवड्याच्या स्वाध्यायाचा तगादा तर सावकारासही लाजवील असा. जुलैत सुरू होणारा बारा आठवड्यांचा अभ्यासक्रम ऐन सणाच्या हंगामात संपतो. बारांपैकी उत्तम आठच स्वाध्याय हिशेबात धरण्याची सवलत ज्याने योजिली त्याने बहुधा आमचा बाजार पाहिला असावा! परंतु या सवलतीने इंग्रजी व्याख्यानात अडलेली शंका सुटत नाही. ती विचारावी कोणास, हा मराठी माध्यमातून आलेल्या मुलाचा खरा प्रश्न आहे, आणि नोंदणीचे परिपत्रक फलकावर डकविले की आपले कर्तव्य संपले असे मानणाऱ्या महाविद्यालयांच्या दप्तरी त्याचे उत्तर नाही.

‘एनपीटेल’च्या योजनेत महाविद्यालयीन केंद्रे आहेत, मार्गदर्शक अध्यापकही आहेत. त्या अध्यापकाच्या वेळापत्रकात या कामाची तासिका अधिकृतपणे लावावी, ती कार्यभारात मोजावी, आणि बाजार बंद झाल्यावर एखादी खोली दिव्यासह उघडी ठेवावी, एवढीच आमची मागणी. यंदाच्या अंकाचा शिक्षणविभाग तिच्याच विचारास दिला आहे.