शिक्षा संपली, सनदेचे काय?

गुन्हा सिद्ध झालेल्या वकिलाने पुन्हा काळा कोट चढवावा का, या प्रश्नावर बाररूममध्ये दोन ठरलेली उत्तरे ऐकू येतात. शिक्षा भोगली, हिशेब संपला, असे एक. एकदा डाग लागला की सनद कायमची गेली पाहिजे, हे दुसरे. विचाराचे कष्ट दोघांनीही वाचवले आहेत.

कडक पक्ष आधी पाहू. १८ मार्च १९२२ रोजी अहमदाबादेत न्यायाधीश ब्रूमफील्ड यांनी राजद्रोहाबद्दल गांधींना सहा वर्षांची शिक्षा सुनावली. त्याच वर्षी नोव्हेंबरात लंडनच्या इनर टेंपलने त्यांचे नाव बॅरिस्टरांच्या यादीतून काढले. ते पुन्हा लागायला १९८८ साल उजाडले. गांधींनी गुन्हा कबूल केला होता आणि शिक्षा तेव्हाच्या कायद्याला धरूनच होती. पण म्हणून हा माणूस अशिलाचे पैसे बुडवील किंवा कोर्टापुढे खोटा कागद ठेवील, असे कोण म्हणेल?

मवाळ पक्षाची गोची निराळी आहे. अॅडव्होकेट्स अॅक्ट, १९६१ च्या कलम २४अ प्रमाणे नैतिक अधःपतनाच्या गुन्ह्यात दोषी ठरलेल्याला सनद मिळत नाही. मात्र सुटकेनंतर दोन वर्षे लोटली की ही अपात्रता आपोआप संपते. खून असो, अफरातफर असो, खोटा दस्त असो, सगळ्यांना तीच दोन वर्षे! दोन वर्षे किंवा त्याहून अधिक शिक्षा झालेल्याला सुटल्यावर सहा वर्षे आमदारकीची निवडणूक लढवता येत नाही. वकिलीला दोन पुरतात. आधीच सनद घेतलेल्यांनाही हा अडसर लागू होतो, हे स्पष्ट व्हायला २०१६ चा महिपालसिंह राणा खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावा लागला.

गावाहून आलेला पक्षकार कोऱ्या वकीलपत्रावर सही करतो, मूळ खरेदीखत टेबलावर ठेवतो, स्टॅम्पचे पैसे मोजून देतो, आणि पावती मागायला त्याची जीभ रेटत नाही. त्या टेबलामागे अफरातफरीची शिक्षा भोगलेला माणूस बसणार असेल, तर मधल्या काळात त्याने काय केले, बुडवलेले पैसे परत केले का, हे कुणीतरी विचारायला नको? कॅलेंडर ते विचारत नाही.

विचारता येते, हे अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्याने दाखवले. अमली पदार्थ आणि चोरीच्या गुन्ह्यांत तुरुंगवास भोगलेल्या टॅरा सिमन्स यांना तिथल्या वकील मंडळाने परीक्षेलाच बसू दिले नव्हते. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये त्यांची सुधारणा पुराव्यानिशी तपासली आणि परवानगी दिली. अशी तपासणी अर्जदाराच्या अंगावर जबाबदारी टाकते. म्हणूनच ती अधिक न्याय्य आहे.

तपासणार कोण, हाही पेच आहेच. बार कौन्सिलच्या शिस्तपालन समितीत तीन सदस्य असतात: दोन कौन्सिलचे, तिसरा बाहेरचा, पण तोही वकीलच. फेब्रुवारी २०२५ मध्ये केंद्राने अॅडव्होकेट्स अॅक्टच्या दुरुस्तीचा मसुदा काढला आणि वकिलांच्या विरोधानंतर फेरविचारासाठी मागे घेतला. पुढच्या मसुद्यात दोन वर्षांची आपोआप माफी काढून तिथे उघड सुनावणी, कारणांसह निर्णय आणि समितीत किमान एक बिगरवकील सदस्य, एवढे तरी केंद्राने घालावे.